एक्स्चेंजच्या बाईंचं विमान

"शेवटचं नीट कधी होतं?"

बंद पडलेली कुठलीही वस्तू समोर आली की बाई आधी हे विचारायच्या. विचारायची रीतही ठरलेली. चष्मा कपाळावर सरकवायचा, उजव्या हाताचं बोट वर करायचं, म्हणजे समोरच्याने आपली कहाणी थांबवावी, आणि मग हा प्रश्न. उत्तर मिळालं की लगेच दुसरा. "त्यानंतर काय बदललं?"

"काही नाही," असं कुणी म्हटलं तर त्या म्हणायच्या, "काहीतरी बदललं असणार. आठवा."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यासमोर आपला मिक्सर बिघडला तरी आपणच आरोपी असल्यासारखं वाटतं.

बाई मुरुडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. तिथे एक टेस्टिंगचं टेबल असे. त्या टेबलाशी बसून तालुक्यातल्या कुठल्याही फोनची तार तपासता यायची. तक्रार आली की बाई कानाला हेडफोन लावून दोन मिनिटं नुसत्या ऐकत बसायच्या आणि मग लाइनमनला सांगायच्या, "मशिदीच्या पुढचा तिसरा खांब बघ. तिथे पाणी शिरलंय." लाइनमन जायचा आणि तिथेच पाणी सापडायचं. बाईंनी स्वतः तो खांब कधी पाहिलेला नसायचा.

माझं समुद्राजवळ सहा खोल्यांचं लॉज आहे. बाईंचं घर आमच्या मागच्या आळीत, मध्ये फक्त एक सुपारीची वाडी. तरी त्यांची माझी पहिली ओळख फोनवरच झाली. ऐन सुट्टीत लॉजचा फोन बंद पडला. शेजाऱ्याच्या फोनवरून मी तक्रार केली. बाईंनी विचारलं, शेवटचा नीट कधी होता. मी म्हटलं, काल दुपारी. त्यानंतर काय बदललं? मी म्हटलं, काही नाही. "आठवा," म्हणाल्या. आठवल्यावर लक्षात आलं की संध्याकाळी रंगारी आला होता आणि त्याने भिंत खरवडताना तार बाजूला ओढली होती. मी हे सांगितलं तेव्हा पलीकडून एवढंच आलं, "बरं. लिहून घेते."

पुढे लोकांच्या हातात मोबाइल आले. लँडलाइनच्या तक्रारी कमी झाल्या, मग लँडलाइनच कमी झाल्या. टेस्टिंगचं टेबल एका कोपऱ्यात गेलं. बाईंनी वेळेआधी निवृत्ती घेतली. लग्न केलेलं नव्हतं. आई होती, तिचं आजारपण काढलं, आई गेली. मग बाई, त्यांची वाडी आणि घरात ओळीने लावून ठेवलेली हत्यारं. तारा जोडायचं सोल्डरिंग आयर्न, चिमटे, मीटर. आळीतली माणसं कधी इस्त्री, कधी टॉर्च घेऊन जायची. बाई दुरुस्त करून द्यायच्या, पण त्यांना त्यात फारसा रस नसायचा. "यात शोधायचं काय? वायर तुटलीय," म्हणायच्या.

विमान आलं ते आमच्या लॉजवर. ठाण्याचं एक कुटुंब दोन दिवस राहून गेलं आणि चार नंबरच्या खोलीत, पलंगाखाली, ते मोडकं विमान सापडलं. रिमोटवर उडणारं, हातभर लांबीचं, थर्माकोलसारख्या फोमचं. नाक चेपलेलं, पंखा तुटलेला, एक पंख मधोमध दुमडलेला. शेजारी रिमोट आणि चार्जर. मी त्यांना फोन केला. ते गृहस्थ म्हणाले, "टाकून द्या हो. स्वस्तातलं होतं. एकदाच उडालं, ते पण सरळ झाडावर."

मी ते कचऱ्याबरोबर फाटकाशी ठेवलं. बाई दूध घेऊन परत येत होत्या. त्या थांबल्या, पिशवी खाली ठेवली, विमान उचललं आणि शेपटीकडून नाकापर्यंत पाहिलं. मग चष्मा कपाळावर गेला.

"शेवटचं नीट कधी होतं?"

"ते म्हणाले एकदा उडालं."

"उडालं ना? मग पुन्हा उडेल," बाई म्हणाल्या आणि दुधाच्या पिशवीबरोबर ते घेऊन गेल्या.

चार दिवसांनी मी सहज गेलो तर ओटीवर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर विमानाचे सगळे भाग मांडले होते. बाजूला एक लांबट वही. एक्स्चेंजमध्ये असायची तशीच रेघा मारलेली. तारीख, तक्रार, तपासणी, सापडलेला दोष, उपाय. बाईंनी विमानाला तक्रार क्रमांक एक दिला होता.

"एकदम सगळं दुरुस्त करायला जायचं नाही," त्यांनी मला समजावलं. "आधी रिमोट. रिमोटचा सिग्नल निघतो का? निघतो. मग आतला रिसीव्हर. तो सिग्नल घेतो का? घेतो. मग या दोन मोटरी." शेपटी हलवणाऱ्या, करंगळीच्या पेराएवढ्या दोन मोटरी होत्या. त्यांना सर्व्हो म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. एक शेपटीचा उभा भाग डावीउजवीकडे वळवते, दुसरी आडवा भाग वरखाली करते. "ही उभ्या भागाची नुसतीच गुरगुरते. हिच्या आतले दाते झिजलेत."

नवा सर्व्हो आणि नवा पंखा त्यांनी मागवून घेतला. फोमला कुठला गोंद चालेल याची परीक्षा मासळीच्या खोक्यातल्या थर्माकोलच्या तुकड्यावर झाली. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने थर्माकोल विरघळला. बाईंनी तसं लिहून ठेवलं. मग पांढरा गोंद लावून, आत उदबत्तीच्या काड्या घालून पंख जोडला आणि दोन दिवस त्यावर पाट्यावरचा वरवंटा न ठेवता आईची पोथी ठेवली. "वरवंट्याने चेपेल. पोथीचं वजन बरोबर आहे."

रिसीव्हरमधून पंख्याकडे जाणारी एक बारीक तार तुटली होती. ती त्यांनी स्वतः सोल्डर केली, रिसीव्हर पुन्हा त्याच्या पातळ प्लॅस्टिकच्या वेष्टनात घालून आत चिकटवून टाकला.

विमान त्यांच्या घरात ठेवायची पंचाईत होती. मांजरं होती, आणि मांजरांना फोम कुरतडायला आवडायचा. म्हणून ते माझ्या लॉजच्या सामानाच्या खोलीत राहू लागलं. किल्ली माझ्याकडे.

सकाळी ओहोटी असली की आम्ही किनाऱ्यावर जायचो. ओल्या वाळूचा घट्ट पट्टा मिळायचा आणि वारा जमिनीकडून येणारा, मंद असायचा. पहिल्या दिवशी उडवलंच नाही. मी विमान धरून उभा राहिलो आणि बाई रिमोट घेऊन पावलं मोजत लांब गेल्या. थोड्या थोड्या अंतरावर थांबून रिमोटने शेपटी हलवायच्या, ती हलली की मी हात वर करायचो. मासळी वाळत घालणारी एक बाई हे सगळं पाहत होती. तिने मला विचारलं, "ह्यो पक्षी हाय का इमान हाय?"

"विमान आहे."

"मग उडत का न्हाय?"

"तपासणी चालू आहे," मी म्हटलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ते उडालं आणि वर चढता चढता थांबून शेपटीवर आपटलं. बाईंनी ते दोन्ही पंखांखाली एकेक बोट लावून तोललं. शेपूट खाली झुकत होती. नाकात एक लोखंडी नट चिकटवला. मग ते डावीकडे ओढू लागलं. शेपटी हलवणाऱ्या काडीचा स्क्रू एक आटा फिरवला. असं करत करत दहा-बारा दिवसांनी एका सकाळी ते विमान सरळ वर गेलं, सुरूच्या झाडांच्याही वर, तिथून वळलं, आमच्या डोक्यावरून गेलं आणि पुन्हा वळलं. मी बाईंकडे पाहिलं. त्या तोंडाने काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटलं देवाचं नाव घेताहेत. त्या सेकंद मोजत होत्या.

विमान वाळूवर उतरल्यावर त्यांनी वहीत लिहिलं. साडेतीन मिनिटं. दोष नाही.

नंतर पंधरा दिवस ते रोज उडालं. पाण्यावर न्यायचं नाही आणि दुपारच्या वाऱ्यात उडवायचं नाही, हे दोन नियम बाईंनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले होते. मलाही कधीमधी एखादं मिनिट रिमोट हातात मिळायचा. उडवण्यापेक्षा बाईंना लिहिण्याचं महत्त्व जास्त होतं. किती वेळ उडालं, वारा कुठला, कशावर उतरलं. "जे वहीत नाही ते झालेलं नाही," असं त्यांचं म्हणणं. "उद्या बिघडलं तर शोधायचं कुठे? वहीत."

मग बाई नात्यातल्या एका लग्नाला महाडला गेल्या. तीन दिवसांसाठी.

इथून पुढचं सांगताना मला अजूनही अवघड वाटतं, पण सांगतो. लॉजवर पुण्याची पाच-सहा माणसं उतरली होती. जेवताना विमानाचा विषय निघाला. मीच काढला. त्यातले एक गृहस्थ म्हणाले, "तुम्ही उडवता? या वयात?" मी बावन्न वर्षांचा होतो. मी किल्ली काढली.

दुपारचे चार वाजले होते. वारा समुद्राकडून होता आणि चांगलाच होता. विमान फेकलं तसं ते वर गेलं, आणि मंडळींनी वाहवा केली म्हणून मी ते पाण्यावर नेलं. परत वळवताना वाऱ्याने त्याला उचललं, उलटं केलं आणि गुडघाभर पाण्यात टाकलं. मी पँटसकट आत गेलो. एक लाट त्याच्यावरून गेली, दुसरी गेली, तिसऱ्या लाटेआधी माझ्या हाताला पंख लागला.

मोडलं काहीच नव्हतं. मी ते घरी आणून पुसलं, बायकोच्या केस वाळवायच्या यंत्राने वाळवलं. रिमोट लावून पाहिला तर शेपटी व्यवस्थित हलत होती. मला हायसं वाटलं. मी ते जागेवर ठेवून दिलं.

सुनंदा, माझी बायको, दारात उभी राहून हे बघत होती. "बाईंना सांगाल ना?" तिने विचारलं.

"चालू आहे की. उगाच कशाला?"

ती आत निघून गेली.

बाई आल्या, आणि चार-पाच दिवस विमान चांगलं उडालं. मी विसरूनही गेलो. मग एका सकाळी, सरळ जाता जाता, विमानाने एकदम मान खाली घातली. बाईंचा हात रिमोटवर स्थिर होता. मी शेजारीच उभा होतो, पाहत होतो. लगेच ते सावरलं, पुन्हा चाललं, आणि पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या वेळी सावरलं नाही. नाकावर पडलं.

बाई चालत गेल्या, तुकडे गोळा केले, परत आल्या. चष्मा कपाळावर.

"भाऊ, मी महाडला जायच्या आधी नीट होतं. त्यानंतर काय बदललं?"

"काही नाही," मी म्हटलं.

"आठवा."

"नाही बाई. खोलीतच होतं."

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा गोष्टीसाठी खोटं का बोलायचं. मलाही पुढे अनेकदा तसं वाटलं. पण त्या क्षणी ते तोंडातून निघून गेलं, आणि एकदा निघून गेल्यावर ते परत घेणं दर दिवशी थोडं थोडं जड होत गेलं.

बाईंनी नाक जोडलं आणि शोध सुरू केला. बॅटरी बदलून पाहिली. रिमोट तपासला. दोन्ही सर्व्होंची अदलाबदल केली. ओटीवर विमान ठेवून तासभर नुसतं चालू ठेवायच्या आणि शेपटीकडे बघत बसायच्या. पाऊण तास काही व्हायचं नाही. मग शेपटी एकदाच, आपण होऊन, टिचकी मारल्यासारखी हलायची. की पुन्हा गप्प.

"हा चोर फॉल्ट," बाई म्हणाल्या. "आपण बघत असलो की येत नाही. एक्स्चेंजमध्ये असा एखादा आला की महिना महिना जायचा." हे सांगताना त्या उत्साहात होत्या. मी चहा पीत होतो. तो मला कडू लागला.

दुसरा आठवडा गेला. वहीची चार पानं भरली. बाई पुन्हा पहिल्यापासून वाचायच्या. एकदा मी विचारलं, "रिसीव्हर खराब झाला असेल का?"

"तो का होईल? बंद डबी आहे. पाणी लागलं नाही, आपटलं ते नाकावर. वहीत बघा ना, सगळी उड्डाणं वाळूवरची." मग थोडं थांबून म्हणाल्या, "त्यात एकच गोष्ट माझ्या हातची आहे. तो सोल्डरचा टाका."

त्यांनी वेष्टनाचा कोपरा तेवढा उघडला, तो टाका काढून पुन्हा घातला. फॉल्ट गेला नाही. त्यांनी पुन्हा काढून पुन्हा घातला. मी पाहिलं, सोल्डरिंग आयर्न धरताना त्या आता दुसऱ्या हाताने मनगटाला आधार देत होत्या.

तिसऱ्या आठवड्यात त्या किनाऱ्यावर आल्या नाहीत. सुनंदाने घावने केले होते, ते घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. विमान ओटीवर नव्हतं. डबा ठेवायला आत गेलो तर स्वयंपाकघराच्या दारावर एक चिठ्ठी चिकटवलेली. बाईंचं सरळ, ऑफिसातलं अक्षर. "गॅस बंद केला का?" मागच्या दारावर दुसरी. "कडी." फळीवर तिसरी. "गोळी सकाळची – घेतली की खूण करणे." त्याखाली खुणांची रांग.

"हे काय, बाई?"

त्यांनी घावने ताटलीत काढून डबा धुवायला घेतला. माझ्याकडे पाठ होती.

"माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं," त्या म्हणाल्या. "लहान गोष्टींपासून. चहात मीठ घातलं एकदा. आम्ही हसलो. पुढे चार वर्षांनी ती मला विचारायची, तुम्ही कुणाच्या?"

मी ताटलीवर झाकण ठेवलं.

"विमानाचं मी सगळं तपासलं, भाऊ. वहीत काही नाही. मग उरलं काय? मी काहीतरी केलंय आणि लिहायला विसरलेय. काय केलं तेही आठवत नाही." डबा पुसून त्यांनी माझ्या हातात दिला. "मी कधी तुम्हाला एक सांगून नंतर भलतंच सांगितलंय का? खरं सांगा. वाईट वाटणार नाही मला."

"नाही हो," मी म्हटलं. "तसं काही नाही."

तेवढंच बोललो आणि डबा घेऊन घरी आलो. त्या वेळीही बोललो नाही, हे मी मुद्दाम सांगतो आहे. पाय उचलून वाडीतून चालत आलो.

सुनंदाला चिठ्ठ्यांचं सांगितलं. ती चवळीच्या शेंगा मोडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं.

"तुम्ही सांगता की मी सांगू?"

"उद्या सांगतो."

"उद्या सकाळी," ती म्हणाली. "चहाच्या आधी."

सकाळी मी गेलो तेव्हा बाई ओटीवर सुपाऱ्या निवडत होत्या. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. पुण्याची मंडळी, दुपार, वारा, पाणी. सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

बाईंचे हात थांबले. मग त्या उठल्या, आत गेल्या आणि वही घेऊन आल्या.

"तारीख?"

मी सांगितली.

"वेळ?"

"चार."

"पाणी किती होतं?"

"गुडघाभर."

"किती वेळ पाण्यात होतं?"

"तीन लाटा. म्हणजे, मिनिटभर असेल."

"गोड्या पाण्याने धुतलं होतं का?"

"नाही. पुसलं फक्त. आणि वाळवलं."

"धुवायला हवं होतं," असं म्हणत त्यांनी ते सगळं लिहिलं. तारखेच्या क्रमाने जागा नव्हती म्हणून समासात, बारीक अक्षरात. लिहून झाल्यावर पेनाला टोपण घातलं. चष्मा काढला आणि पदराने पुसत बसल्या. काचा स्वच्छ होत्या तरी पुसत राहिल्या.

"म्हणजे मी नाही," त्या हळू म्हणाल्या.

"नाही, बाई. तुम्ही नाही."

मग त्यांनी चष्मा लावला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या रागावल्या नव्हत्या. आवाज नेहमीचाच होता.

"भाऊ, विमान पाण्यात पडलं त्याचं काही नाही. पडतात. पण मी तुम्हाला विचारलं होतं."

मी मान खाली घातली.

"दोनदा विचारलं होतं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा सुपाऱ्या निवडायला लागल्या.

त्या दिवशी त्यांनी मला चहा विचारला नाही. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि निघालो. सुनंदाने विचारलं, काय म्हणाल्या. मी सांगितलं. ती म्हणाली, "कमीच म्हणाल्या."

दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी लॉजवर त्यांचा फोन आला. "दुपारी मोकळे आहात का? रिसीव्हर कापायचा आहे. चिमट्याने धरायला माणूस हवा."

मी गेलो. त्यांनी ब्लेडने रिसीव्हरचं वेष्टन पूर्ण कापलं आणि आतली सर्किटची पट्टी उलटी केली. भिंग माझ्याकडे दिलं. बारीक पिनांच्या मुळाशी हिरवट-पांढरी बुरशी धरल्यासारखं काहीतरी होतं. मिठाने तांबं खाल्लं होतं. बाईंनी घातलेला टाका मात्र त्याच्या शेजारी जसाच्या तसा, चकचकीत होता. त्यांनी तो भिंगातून नीट पाहिला. मला वाटतं त्या फॉल्टपेक्षा त्या टाक्याकडेच जास्त वेळ बघत होत्या.

स्पिरिट आणि जुना टूथब्रश घेऊन त्यांनी पिना साफ केल्या. मनगटाला आधार दिला नव्हता. मी चिमटा धरून बसलो होतो. मध्येच त्या म्हणाल्या, "हलू नका," आणि मी श्वास धरला.

निघताना मी पाहिलं, दारांवरच्या चिठ्ठ्या काढल्या होत्या. गॅसची तेवढी होती.

"ती राहू दे," बाई म्हणाल्या. "ती सगळ्यांच्याच घरी असावी."

तरीही त्यांनी अलिबागला जाऊन डॉक्टरांकडून रीतसर तपासणी करून घेतली. शंका आली की तपासायचंच, हा स्वभाव. मी बरोबर गेलो होतो. डॉक्टरांनी त्यांना शंभरातून सात-सात कमी करत जायला सांगितलं. बाई दोनपर्यंत पोचल्या आणि म्हणाल्या, "पुढे उणे जाऊ का?" डॉक्टर म्हणाले नको. वयाच्या मानाने सगळं ठीक आहे, असं त्यांनी सांगितलं. बाहेर पडता पडता बाईंनी त्यांच्या टेबलावरचा इंटरकॉम उचलून कानाला लावला. "यात खरखर आहे. केव्हापासून?" डॉक्टरांना आठवेना.

विमान पुन्हा उडालं. पहिल्या उड्डाणाच्या वेळी बाईंनी रिमोट माझ्या हातात दिला. मी नको म्हटलं. "घ्या," म्हणाल्या. मी तीन मिनिटं उडवलं, वाळूवरच, आणि उतरवताना जरा आपटलं. बाईंनी वही पुढे केली. त्यात एक नवा रकाना आखलेला होता. उडवणाऱ्याची सही. मी सही केली. त्यापुढे प्रत्येक वेळी केली, आणि बाईंनीही केली, एकट्या असल्या तरी.

दीड-दोन वर्षं असं चाललं. आमच्यात पुन्हा चहा सुरू झाला, गप्पा सुरू झाल्या. त्या प्रसंगाबद्दल त्या परत कधी बोलल्या नाहीत. पण मला काही विचारलं आणि मी उत्तर दिलं की त्या क्षणभर थांबायच्या. पूर्वी थांबत नसत. तेवढा फरक राहिला. तो माझ्यामुळे पडला होता, मी तो मुकाट्याने घेतला.

मग साताऱ्याला त्यांच्या धाकट्या बहिणीला पक्षाघात झाला. तिचे यजमान आधीच गेलेले, मुलगी परदेशात. बाईंनी आठ दिवसांत निर्णय घेतला. वाडी खंडाने दिली, मांजरं सुनंदाकडे आली, हत्यारं दोन खोक्यांत भरून आधीच पाठवली. "तिला बोलता येत नाही नीट," मला म्हणाल्या. "पण ऐकलं की कळतं काय म्हणायचंय ते. जरा वेळ द्यायला लागतो."

सकाळच्या एसटीने त्या निघाल्या. मी स्टँडवर गेलो होतो. विमानाचे पंख काढून, जुन्या लुगड्यात गुंडाळून त्यांनी ते स्वतःजवळ ठेवलं होतं. कंडक्टर म्हणाला, "बाई, ते वर टाका, फळीवर."

"वर नाही. मोडेल."

"मग मांडीवर घ्या."

"तेच करतेय," बाई म्हणाल्या आणि खिडकीशी बसल्या.

मी म्हटलं, साताऱ्याला मैदान मिळेल का उडवायला. त्या म्हणाल्या, मैदान आहे, पण वारा कसा असतो ते अजून माहीत नाही. गेल्यावर आधी आठवडाभर नुसता वारा बघणार.

गाडी मागे सरकली, वळली. मी हात वर केला. लुगड्यातून शेपटीचं टोक बाहेर आलं होतं आणि पुढच्या सीटच्या दांडीला लागत होतं. बाई दोन्ही हातांनी ते आत घेत होत्या, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत त्यांचं ते काम चाललंच होतं.